झेंड्यामागून चीन

चीनच्या सहलींच्या जाहिराती पुन्हा दिसू लागल्या आहेत. २०२० च्या आरंभी दोन्ही देशांमधली थेट विमाने थांबली, त्याच वर्षी जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात रक्त सांडले, आणि पुढे पाच वर्षे चीनला फिरायला जाण्याची गोष्ट आपल्याकडे कोणी काढीनासे झाले. २०२५ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून ग्वांगझौला थेट विमान पुन्हा उडाले. तेव्हापासून आपल्या लष्करातल्या चार ओळखीच्या घरांतून माझ्याकडे विचारणा झाली आहे: जावे काय? आणि जायचेच, तर असे त्या झेंड्यामागून चालावे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. ग्वाल्हेरच्या पुष्कळ घरांतून सैन्यात माणसे गेलेली आहेत आणि १९६२ ही काही घरांत अजून तारीख नसून जखम आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी मात्र मला बोलता येईल, कारण २०१९ च्या एप्रिलात एकतीस मराठी मंडळींच्या तांड्याबरोबर मी अकरा दिवस असाच झेंड्यामागून फिरलो आहे.

झेंड्यामागून फिरण्याला नाक मुरडण्याची आपल्याकडे एक रीत पडली आहे. खरा प्रवासी एकटा हिंडतो, आणि सहलवाले म्हणजे मेंढरे, असे म्हणणारे बहुतेक वेळा कोठेच गेलेले नसतात. चीनच्या बाबतीत तर हा आक्षेप अधिकच चुकीचा आहे, कारण मंडळी जमवून, भाडे ठरवून, वाटाड्या घेऊन हिंडणे ही तिथली फार जुनी चाल आहे. सतराव्या शतकात झांग दाय नावाचा एक रसिक लेखक ताइशान पर्वताच्या यात्रेला गेला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत वाचली म्हणजे आपण त्र्यंबकेश्वरी उपाध्यायाच्या ओसरीवर उतरलो आहोत की काय असे वाटू लागते. यात्रेकरू गावाच्या वेशीवर येतो न येतो तोच दलाल त्याच्या घोड्यापुढे हजर. धर्मशाळा कसली, गावच ते. तबेले वेगळे, नाटकवाल्यांच्या खोल्या वेगळ्या. खोलीचे, डोलीचे, डोंगरावरच्या पट्टीचे दर ठरलेले. डोंगर चढून मनुष्य खाली उतरला की त्याच्या अभिनंदनाची मेजवानी, आणि तिच्याही तीन प्रती! पहिल्या प्रतीत एकेकास स्वतंत्र मेज आणि समोर नाटक. दुसरीत दोघांत एक मेज. तिसरीत तिघा-चौघांत एक मेज, आणि नाटकाऐवजी नुसते गाणे. या सगळ्याला झांग दाय कंटाळलाही. वाटेवरचे भिकारी आणि दगडांवर नावे कोरणारे यात्रेकरू, या दोहोंवर त्याचा सारखाच राग आहे. पण गेला तो सगळ्यांबरोबरच.

एकट्याने हिंडणाऱ्यांचाही तिथे मान आहे, नाही असे नाही. शू श्याख नावाच्या गृहस्थाने मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात तीस-एक वर्षे डोंगर, नद्या आणि गुहा पायी पालथ्या घातल्या आणि रोजनिशी लिहिली. तिची पहिली नोंद १९ मे १६१३ ची. म्हणून २०११ पासून १९ मे हा चीनचा पर्यटनदिन ठरला आहे. मौज अशी की त्या दिवशी प्रेक्षणीय स्थळांची तिकिटे जागोजाग स्वस्त होतात आणि जास्तीत जास्त गर्दी होते ती झेंडेवाल्या तांड्यांची.

आजची व्यवस्था कशी चालते ते सांगतो, कारण जाहिरातीत ते नसते. आपल्याकडून एक व्यवस्थापक बरोबर येतो. चीनमध्ये उतरल्यावर प्रत्येक शहराचा एक स्थानिक मार्गदर्शक भेटतो, आणि मोठा प्रवास असेल तर देशभर साथ देणारा आणखी एक. सगळ्यांजवळ सरकारी परवाना असतो. परवान्यावाचून वाटाड्याचे काम करता येत नाही. प्रत्येकाच्या कानात एक बोंडूक देतात, म्हणजे मार्गदर्शक शंभर पावले पुढे असला तरी त्याचे बोलणे ऐकू येते. हे यंत्र उपकारकही आहे आणि घातकही. उपकारक अशासाठी की कोणाला ओरडावे लागत नाही. घातक अशासाठी की कानात सतत कोणी बोलत असले म्हणजे मनुष्य डोळ्यांनी पाहावयाचे थांबतो. मी तिसऱ्या दिवसापासून ते एकाच कानात ठेवू लागलो.

मग दुकाने. रेशमाचा कारखाना, मोत्यांचे दालन, हिरव्या पाचूसारख्या जेड दगडाची पेढी, चहाची चव घेण्याची जागा. यांपैकी निदान दोन तरी प्रत्येक कार्यक्रमात असतात, आणि त्यांना 'सांस्कृतिक भेट' म्हणतात. सहल अवाच्या सवा स्वस्त दाखवावयाची आणि उरलेले पैसे दुकानांच्या दलालीतून भरून काढावयाचे, हा धंदा तिथे इतका माजला होता की १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्याने त्यास मनाई केली. कायद्याने दांडगाई कमी झाली असेल. दुकाने मात्र गेली नाहीत. या दुकानांची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

बीजिंगचा राजवाडा पाहताना मला आमच्या तांड्याचा फार अभिमान वाटला. १४२० साली बांधून पुरा झालेला तो प्रचंड वाडा. चोवीस बादशहा तिथे नांदले. शेवटच्या पूयीला १९२४ साली बाहेर काढले आणि पुढच्याच वर्षी, १९२५ च्या ऑक्टोबरात, वाड्याचे संग्रहालय झाले. मार्गदर्शक सांगत होता की दंतकथेप्रमाणे येथे नऊ हजार नऊशे नव्याण्णव खोल्या आहेत, प्रत्यक्षात त्याहून कमी. इतर देशांची मंडळी हा आकडा ऐकून वा वा म्हणत असतील. आमच्यातल्या एका आजींनी विचारले, "मुदपाकखाना कुठे? आणि जामदारखाना?" त्या बिचाऱ्याला हिंदी उत्तम येत होते, पण या शब्दांनी तो बुचकळ्यात पडला. मग दुसऱ्या कोणी फरासखाना काढला, तिसऱ्याने पीलखाना. ज्यांच्या आज्या-पणज्या जयविलासातल्या हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या आहेत आणि मेजावर धावणाऱ्या चांदीच्या आगगाडीच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत, त्यांना सिंहासनाच्या दालनापेक्षा मागच्या दाराने काय येत होते आणि काय जात होते याची चौकशी अधिक. राजधानीत वाढलेल्या माणसाला राजवाडा कसा पाहावा हे शिकवावे लागत नाही.

भिंतीविषयी काय लिहावे? २०१२ साली जाहीर झालेल्या मोजणीप्रमाणे सगळ्या राजवटींच्या भिंती मिळून २१,१९६ किलोमीटर भरतात. आम्ही त्यांतली दीड किलोमीटर चाललो, गुडघे धरून खाली उतरलो आणि छायाचित्रे काढली.

आता त्या अर्ध्या दिवसाची हकीकत. बीजिंगच्या चौथ्या दिवशी सकाळी कार्यक्रमात रेशीम आणि मोती होते. आदल्या रात्री जेवताना मी व्यवस्थापकाला म्हटले, की येथून जलद गाडीने सव्वा तासावर शिजियाझुआंग नावाचे शहर आहे आणि तिथे सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांची समाधी आहे. मोत्यांऐवजी तिथे जाता येईल काय? तो म्हणाला, "काका, ते टूरमध्ये नाही." बरोबरच होते. आमच्या मार्गदर्शकाने मला बाजूला घेऊन खरे कारण सांगितले: दुकानाला माणसांची संख्या कळवलेली असते. मग मेजावर चर्चा सुरू झाली. कोटणीस कोण, येथपासून. तिशीतल्या दोघा-तिघांना नावच ठाऊक नव्हते. साठीपुढच्यांना ठाऊक होते ते व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. एक बाई स्पष्टच म्हणाल्या, की मुलीच्या लग्नासाठी मोती घ्यावयाचे आहेत आणि समाधी सोलापूरला असती तरी मी गेले नसते. त्यांचा मला राग आला नाही. पैसे भरून आलेल्या माणसाने काय पाहावे हे दुसऱ्याने का ठरवावे? कोपऱ्यातून एका आवाजाने मात्र निराळाच प्रश्न काढला: ज्या देशाने बासष्टला आपल्यावर सैन्य घातले, त्या देशाने आपल्या माणसाचा पुतळा उभारला म्हणून आपण का विरघळावे? यावर कोणी बोलले नाही. जेवण तसेच संपले.

सकाळी आम्ही नऊ जण निघालो. तिकिटे आपापल्या खर्चाने, माणशी सव्वाशे युआनच्या आसपास एका बाजूची. बासष्टचा प्रश्न काढणारे गृहस्थ नवव्या क्रमांकावर होते. त्यांचे थोरले बंधू त्या लढाईत ईशान्य सरहद्दीवर होते, हे त्यांनी गाडीत सांगितले. पलीकडे काही सांगितले नाही.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० चा. जपानने चीनवर स्वारी केली होती. काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक तिकडे पाठवले. डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि पाचवे हे. बाकीचे चौघे परतले. कोटणीस राहिले. उत्तरेकडच्या डोंगरांत, लढाईच्या धुमाळीत, त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शल्यविशारद तिथेच १९३९ साली रक्तदोषाने वारला होता; त्याच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणिसांकडे आले. ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, मुलगा झाला, आणि मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते अपस्माराच्या झटक्यांनी गेले. तेव्हा मूल काही महिन्यांचे होते.

शिजियाझुआंगचे हुतात्म्यांचे उद्यान मोठे आहे, सुरूसारख्या झाडांनी गार. मृतांच्या थडग्यांची झाडलोट करून फुले वाहण्याचा चिनी सण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो. आपल्या सर्वपित्रीचाच भाऊ म्हणा. तो नुकताच होऊन गेला होता. बेथ्यूनच्या थडग्यापाशी कागदी फुलांचे ढीग होते, आणि कोटणिसांच्या पुतळ्यापाशीही होते. शाळेच्या मुलांनी आणलेली असावीत. फुलांवर पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या. आमचा मार्गदर्शक आपण होऊन बरोबर आला होता, त्या दिवसाची दलाली सोडून. बेथ्यूनवर माओने लिहिलेला लेख शाळेत पाठ करावा लागे, त्यातली वाक्ये त्याला अजून येत होती. कोटणिसांना तो 'ख दिहुआ' म्हणत होता; तिथे त्यांचे नाव तेच. सोलापूर कुठे आले, हे त्याने मला विचारले. मी माझ्या वहीत मुंबई, सोलापूर आणि ग्वाल्हेर असे तीन ठिपके काढून दाखवले. त्याने तो कागद मागून घेतला.

बासष्टवाले गृहस्थ पुतळ्यापाशी बराच वेळ उभे होते. निघताना म्हणाले, "बेचाळीस. माझ्या जन्माचे साल." मोठ्या भावाविषयी ते नंतरही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

पुढचा पल्ला लोयांगचा. एप्रिलात तिथे पिओनी फुलांचा उत्सव असतो, ताटलीएवढी फुले, आणि सारे शहर ती पाहावयास लोटते. म्हणून आमच्या सहलीत ते गाव होते. इतिहासाच्या जोरावर त्याला यादीत जागा मिळाली नसती. वास्तविक आपल्यासारख्यांनी चीनमध्ये कुठे वेळ घालवावा, तर या गावी. शहराबाहेर लोंगमेनचा कडा आहे. नदीच्या काठाने हजारो कोनाडे आणि लेणी. मधोमध १७ मीटरांहून उंच वैरोचन बुद्ध, सातव्या शतकातला. सम्राज्ञी वू हिने आपल्या शृंगारखर्चातून वीस हजार नाण्यांच्या माळा या कामाला दिल्याचा लेख तिथेच कोरलेला आहे. ज्यांनी वेरूळ पाहिले आहे ते चटकन विचारतात, वरून खाली कोरले की खालून वर? आमच्यातही ते विचारले गेले. मार्गदर्शक आकडे सांगत राहिला.

तिथून श्वेताश्व मंदिर. परंपरा अशी की इसवी सन ६८ मध्ये ते स्थापन झाले, आणि काश्यप मातंग व धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून तिथे आले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. आम्हाला या ठिकाणी चाळीस मिनिटे मिळाली. फाटकाबाहेर पडता पडता पलीकडच्या भागात एक घुमट दिसला आणि तांड्यातली मागची रांग ओरडली, "अहो, हे तर सांची!" आणि खरेच ते सांची होते. भारताने भेट दिलेले, सांचीच्या स्तूपाच्या धर्तीचे ते मंदिर २०१० च्या मे महिन्यात राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उघडले गेले. भोपाळला जाताना विदिशा मागे पडली की गाडीच्या खिडकीतून टेकडीवर जे आपण आयुष्यभर पाहत आलो, ते लोयांगला अचानक समोर उभे! आमच्या गाडीचे इंजिन सुरू झालेले होते. तरी एकवीस माणसे खाली उतरली.

शीआनविषयी दोन गोष्टी. मातीचे सैन्य तर पाहावेच. १९७४ च्या मार्चात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या फावड्याला ते लागले. पहिल्या खड्ड्याची लांबी २३० मीटर आहे. मूर्तींना रंग होता. माती दूर झाली की कोरड्या हवेत रंगाखालचे लाखेचे अस्तर काही मिनिटांत सुरकुतते आणि रंग गळून पडतो. म्हणून आता घाईने खणत नाहीत, आणि बादशहाची मूळ कबर तर अजून उघडलेलीच नाही. तिच्यात पाऱ्याच्या नद्या आहेत असे जुन्या इतिहासकाराने लिहिले आहे, आणि वरच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच फार आढळले आहे. न उघडलेल्या त्या टेकडीने मला उघडलेल्या तीन खड्ड्यांपेक्षा अधिक वेळ खिळवून ठेवले.

दुसरी गोष्ट ह्युएनत्संगाची. शीआनचा महाहंस पॅगोडा ६५२ साली उभा राहिला तो त्याने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. पण तिथला मार्गदर्शक, हा दुसरा, उत्साही तरुण, आम्हाला सांगत होता ते वानराविषयी! सोळाव्या शतकातल्या एका कादंबरीत ह्युएनत्संगाला एक पराक्रमी वानर सोबती मिळाला आहे, आणि तिथल्या लोकांच्या मनात वानर मोठा आणि गुरू त्याच्या मागे चालणारा भाबडा साधू. ठीकच आहे, हनुमंतावाचून आपल्यालाही रामकथा आवडत नाही. परंतु मला राहवले नाही. मी त्याला म्हटले, की हा गृहस्थ आमच्याकडे आला होता. महाराष्ट्रात आला, पुलकेशीचे राज्य पाहिले, आणि लिहून ठेवले की येथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यावयाचा तर आधी कळवून घेतात. सेनापती हरला तर त्याला शिक्षा न करता बायकी वस्त्रे देतात. नंतर तो माळव्यात आला, आणि विद्येसाठी साऱ्या भारतात दोनच देश नावाजलेले, एक मगध आणि एक माळवा, असा निर्वाळा दिला. हे ऐकून आमच्यातल्या उज्जैनच्या एका जोडप्याने अशा काही चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिले, की जणू तो दाखला कालच टपालाने आला आहे. तरुणाने हे सगळे टिपून घेतले आणि विचारले, की कोणत्या पुस्तकात आहे. त्याच्याच देशाच्या पुस्तकात, हे मी त्याला सांगितले.

खाण्याची भीती बाळगू नये. सहाव्या शतकात लियांगच्या वू बादशहाने भिक्षूंना मांस वर्ज्य केले, तेव्हापासून मठांच्या मुदपाकखान्यांत शाकाहाराची मोठी विद्या वाढली आहे. मोठ्या देवळापाशी हमखास चांगले जेवण मिळते. उकळते पाणी तर आगगाडीच्या प्रत्येक डब्यात. मेतकुटाचे आणि भाजक्या पोह्यांचे जे ओझे आम्ही नेले, त्यातले निम्मे परत आणले.

देखावा म्हणाल तर गुइलिनहून यांगशुओपर्यंतचा ली नदीचा प्रवास. चार तास नाव चालते, दोन्ही तीरांवर चुनखडीचे सुळके. वीस युआनच्या नोटेच्या मागे त्याच नदीचे चित्र आहे, आणि ते वळण आले की सगळ्या नावेतल्या नोटा बाहेर निघतात. मार्गदर्शक प्रत्येक सुळक्याचे नाव सांगतो: हा नवरा, ही वाट पाहणारी बायको, हे नऊ घोडे. आमच्या मंडळींनी तासाभरात सगळ्यांची बारशी नव्याने केली. एक गणपती निघाला, एक नंदी, आणि एक कोणाची तरी जाऊबाई. पावसाची भुरभुर चालू होती, धुके खाली आले होते, आणि कानातले बोंडूक मी खिशात घातले होते. अकरा दिवसांत तेवढेच चार तास मला कोणी काही समजावून सांगू नये असे वाटले.

तेव्हा ज्यांनी विचारले त्यांना माझे सांगणे असे. मंडळीबरोबर खुशाल जावे, पण पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका मागावी आणि 'सांस्कृतिक भेट' हा शब्द किती वेळा आला आहे ते मोजावे. लोयांगला एक रात्र तरी असावी. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा, तेव्हा साऱ्या चीनला सुटी असते. राजवाडा सोमवारी बंद असतो आणि पासपोर्टच्या क्रमांकावर आगाऊ नाव नोंदवल्यावाचून आत सोडीत नाहीत. शिजियाझुआंगच्या गाड्या बीजिंगच्या पश्चिम स्थानकावरून सकाळपासून सुटतात. निघतानाच व्यवस्थापकाला सांगून ठेवावे, म्हणजे तो दुकानात माणसे कमी कळवील.